माझी आयडिया निघत नाही

गेल्या श्रावणातली गोष्ट. पाऊस उघडला होता, वीज नुकतीच परतली होती आणि मी प्रिंटर गरम व्हायची वाट बघत बसले होते. एक आजी दुकानाच्या पायरीवर टेकल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बाई, माही आयडिया निघत नाही वं."

मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्यात हे वाक्य कानावर आलं की लगेच संगणकाकडे वळून चालत नाही. आधी विचारावं लागतं, कोणती आयडिया? आमच्याकडे तीन आहेत. एक मोबाइलची. ती कंपनी 2018 मध्ये व्होडाफोनशी एक झाली, 2020 मध्ये तिचं नावही बदललं, पण रिचार्ज मारायला येणारा माणूस अजून आयडियाचाच रिचार्ज मागतो. दुसरी आयडिया म्हणजे तोड, युक्ती, जुगाड: "कागद घेऊनच नाही राह्यले, काही आयडिया सांग ना." आणि तिसरी म्हणजे समग्र आयडी. मध्य प्रदेशात कुटुंबाला आठ आकडी आणि त्यातल्या प्रत्येक माणसाला नऊ आकडी असा नंबर असतो. तो नसला की रेशन, शिष्यवृत्ती, लाडली बहना योजना, काहीच पुढे सरकत नाही. 'आयडी' हा तुटका शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी तो ओळखीच्या शब्दात बसवून टाकला. समग्र आयडिया.

आजींची ही तिसरी होती. माहेर नरखेडचं, म्हणजे आगगाडीने अगदी जवळ, पण राज्य दुसरं. आधार कार्डावर त्यांच्या नावापुढे वडिलांचं नाव लागलेलं, इकडे समग्रमध्ये नवऱ्याचं. दोन कागद एकमेकांशी जुळत नव्हते म्हणून संगणक त्यांना ओळख देत नव्हता. "मी मीच हाव," आजी म्हणाल्या, "हे आता कोणाले सांगू?"

मी वीस वर्षं हेच काम करते. फॉर्म भरणं, झेरॉक्स, आणि लोकांचं मराठीतलं गाऱ्हाणं हिंदीत उतरवून देणं. दिवसाला पंधरा-वीस वेळा तरी 'आवेदन' हा शब्द टाइप करते. महाराष्ट्रात ज्याला अर्ज म्हणतात तो आमच्या राज्यात आवेदन. सौंसरला माझे वडील मराठीचे मास्तर होते. त्यांचा वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश माझ्या दुकानात प्रिंटरखाली असतो. कोशाचा असा उपयोग केलेला त्यांना आवडला नसता, पण टेबलाचा एक पाय आखूड आहे, काय करणार. वीज गेली की मी तो कोश बाहेर ओढते आणि वाचत बसते. पांढुर्ण्यात वीज जाते तेवढं माझं वाचन होतं.

आजी गेल्यावर मी 'आयडिया'च्या मागे लागले. हा मूळचा ग्रीक शब्द, आणि त्याचा अर्थ विचार असा नव्हताच. ग्रीकमध्ये 'इदेइन' म्हणजे पाहणं, आणि इदेआ म्हणजे डोळ्यांना दिसतं ते रूप. प्लेटोने तो शब्द उचलला आणि म्हटलं, खरं रूप चर्मचक्षूंना दिसतच नाही, ते बुद्धीला दिसतं. त्याच्या लेखी आयडिया माणसाच्या डोक्यात नव्हती, डोक्याबाहेर कुठेतरी कायमची उभी होती. पुढे युरोपातल्या तत्त्ववेत्त्यांनी तिला डोक्यात आणून बसवलं. 1690 च्या सुमारास इंग्लंडात जॉन लॉकचा मानवी आकलनावरचा मोठा ग्रंथ आला. त्याने तर माणूस विचार करतो तेव्हा मनापुढे जे जे असतं त्या सगळ्यालाच आयडिया म्हणून टाकलं. तिथून ती आमच्या बस स्टँडपर्यंत यायला तीनशे वर्षं लागली, आणि येताना मोबाइलच्या जाहिरातीतल्या अभिषेक बच्चनला बरोबर घेऊन आली.

मला गंमत वाटली ती पुढे. ग्रीक शब्दाचं मूळ आणि संस्कृत 'विद्' धातूचं मूळ एकच. लॅटिनमधला पाहण्याचा शब्दही त्याच घरातला, त्यावरूनच व्हिडिओ आला. म्हणजे वेद, विद्या, विद्वान, व्हिडिओ आणि आयडिया ही चुलत भावंडं. 'विद्'ला 'नि' लावा, निवेदन. 'आ' लावा, आवेदन. समोरच्याला कळवणं, जाणवून देणं. मी आयुष्यभर जे टाइप करत आले ते आयडियाच्याच भावकीतलं निघालं. वेदनासुद्धा त्याच धातूची. जाणवते ती वेदना. आजींच्या आवेदनात ती होतीच.

'आयडी'चा मात्र या घराशी संबंध नाही. ती लॅटिनमधल्या 'तोच' या अर्थाच्या शब्दावरून आली. तो माणूस तोच आहे याची खूण. आजींनी नेमकं तेच सांगितलं होतं, मी मीच हाव.

तरीही आमच्याकडे आयडिया या शब्दाचा जुना, पाहण्याचा अर्थ अजून जिवंत आहे, आणि तो मला एका संत्र्याच्या व्यापाऱ्याने दाखवला. आमच्या दिराचा सौंसर रोडला बगीचा आहे. आंबिया बहाराचा सौदा करायला व्यापारी येतो तेव्हा फळ अजून हिरवं असतं. तो आधी काही बोलत नाही. चपला बांधावर काढतो, का ते मला कळलेलं नाही, आणि ओळीओळीने फिरतो. खालची फांदी वर उचलून बघतो, पानाच्या पाठीवर बोट फिरवून कोळशी पडलीय का ते बघतो, बुंध्याशी वाकून डिंक्या बघतो. एका झाडाखाली उभा राहून ओठ हलवत मोजतो, मग दहा झाडं सोडून पुढच्याखाली. अर्ध्या तासाने बांधावर येऊन चपला घालता घालता दिराला म्हणतो, "आयडिया आली मले." म्हणजे माल किती निघेल हे त्याला दिसलं. आयडिया 'आली' ती बघून आली. प्लेटो बगीच्यात असता तर भांडला असता, पण त्याच्या आधीच्या साध्या ग्रीक माणसाला हे वाक्य लगेच कळलं असतं.

आणि तो अर्धा तास तो करत काय होता? फिरत होता. 'विचार' हा शब्दही फिरण्यातूनच आलाय. 'चर्' म्हणजे हिंडणं, त्याला 'वि' जोडला की इकडेतिकडे, चहूबाजूंनी हिंडणं. मनाने एखाद्या गोष्टीभोवती चकरा मारणं म्हणजे विचार.

इथवर मराठी आणि हिंदी बरोबर चालतात. पुढे मराठी एक वळण घेते. आपण विचार 'करतो' तेव्हा आपल्यापाशीच असतो, पण 'विचारतो' तेव्हा दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहतो. हिंदीत 'विचारना' म्हणजे मनात आणणं, चिंतन करणं. मराठीत 'विचारणं' म्हणजे प्रश्न करणं. हा फरक मी छडी खाऊन शिकले. पाचवीपर्यंत मी मराठी शाळेत होते, सहावीला हिंदीत गेले. तिथले एक गुरुजी शुद्ध हिंदीचे फार अभिमानी. त्यांनी फळ्यावर गणित लिहिलं आणि म्हणाले, "विचारो, बच्चो." मी आज्ञाधारक. शेजारच्या मुलीकडे वळले आणि तिला विचारलं. वर्गात बोलते म्हणून दोन छड्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा "विचारो", पुन्हा मी विचारलं, पुन्हा छडी. तिसऱ्या दिवशी मी गप्प बसले आणि गुरुजी खूश झाले. त्यांना वाटलं मला विचार करता यायला लागला.

घरी तर आणखी वेगळी गंमत. माझी सासू, देव तिचं भलं करो, विचारायला 'पुसणं' म्हणायची. "कोणाले पुसून गेली होती?" पुण्याच्या पाहुण्यांना वाटायचं फरशीबद्दल चाललंय. हे पुसणं संस्कृत 'पृच्छ्'वरून आलेलं, हिंदीतल्या 'पूछना'चं सख्खं. जुन्या मराठीत सगळीकडे होतं, आता प्रमाण भाषेने ते टाकलं आणि फक्त फळा पुसायचं ठेवलं. वऱ्हाडाने आणि आम्ही ते जपलं. म्हणजे पांढुर्ण्याच्या माणसाकडे प्रश्न करायला विचारणं आहे, पुसणं आहे आणि हिंदीतलं पूछना आहे. एवढे शब्द असलेल्या माणसांना सहसा कोणी काही विचारत मात्र नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

गोटमारीचं घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा नागपूर मारबती काढण्यात दंग असतं, तेव्हा आमच्याकडे जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात. दरवर्षी माणसं फुटतात, काही वर्षी मेलीही आहेत. कोणी पळवून नेलेल्या मुलीची आणि तिच्या प्रियकराची कथा सांगतं, कोणी चंडी मातेचं नाव घेतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा डोळा त्या दिवशी गेला. तो आता भाजी विकतो आणि गोटमारीला दुकान बंद ठेवून नदीवर जातो. मला ही प्रथा बंद झालेली हवी आहे, यात मी कोणाची भीड ठेवत नाही. पण ती बंद करायचे जे जे प्रयत्न झाले ते बघताना मला आयडिया आणि विचार यांतला फरक स्वच्छ दिसला.

एकदा वरून आयडिया आली की गोट्यांऐवजी रबरी चेंडू द्यावेत. चेंडू आलेही. लोकांनी ते बाजूला सारले आणि गोटे उचलले. पोरांनी नंतर त्या चेंडूंनी क्रिकेट खेळलं असणार, चेंडू वाया जात नाहीत. आयडिया वाईट नव्हती. डोळा फुटण्यापेक्षा चेंडू लागलेला बरा, हे कोणालाही 'दिसतं'. पण ज्यांच्या हातात गोटा आहे, ज्यांच्या घरात डोळा गेला आहे, ज्या बाया त्या दिवशी दारं लावून घरात बसतात, त्यांच्याशी वर्षभर आधी बसून कोणी बोललं असतं तर? श्रावण संपायच्या आठवड्यात शांतता समितीची बैठक होते, मला माहीत आहे. ती बैठक बंदोबस्ताची असते. रुग्णवाहिका किती, पोलीस किती. पुसण्याची बैठक वेगळी असते, तिला वेळ लागतो आणि तिथे चहा दोनदा करावा लागतो.

आमच्याकडे बैलांनासुद्धा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदे शेकून जेवणाचं आवतण देतात. त्यांना बोलावल्याशिवाय जेवू घालत नाहीत. पोळ्यावरून आणखी एक आठवलं, वडिलांच्या अमरकोशातलं. 'कल्पना' हा शब्द आपण इंग्रजी आयडियासाठी सर्रास वापरतो, पण अमरकोशात तो हत्ती सजवण्यासाठी दिला आहे. झूल, दागिने, सगळा साज चढवून हत्ती तयार करणं म्हणजे कल्पना. आणि 'युक्ती' आली 'युज्' धातूवरून, म्हणजे जोडणं, जुंपणं. बैलाच्या मानेवरचं जू त्याच कुळातलं. तेव्हा पोळ्याला बैलाची युक्ती सुटते आणि त्याच्यावर कल्पना चढते: झूल, बाशिंग, घुंगरमाळ, शिंगांना बेगड. दुसऱ्या दिवशी कल्पना उतरवून पुन्हा युक्तीला लावायचं. हे मी दिराला सांगितलं तर तो म्हणाला, वहिनी, बैल आता राहिलेत कुठे, ट्रॅक्टरला बेगड लावतो मी.

मोबाइलच्या त्या आयडियाचीही एक जाहिरात मला आठवते. त्यात अभिषेक बच्चन एका पुढारी बाईंना सुचवतो की निर्णय आपण घेण्यापेक्षा मोबाइलवरून लोकांनाच विचारावं. व्हॉट ॲन आयडिया सरजी! एका जाहिरातीत ही मोठी गोष्ट सांगून झाली आणि लोक जिंगल गुणगुणत बसले. लोकांना विचारणं ही नवलाची, टाळ्या घ्यायची आयडिया वाटावी, यातच आपली अवस्था कळते.

आता आमच्या जिल्ह्याचं. 1 नोव्हेंबर 1956 ला जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. नागपूर, जे तोवर आमच्याच राज्याची राजधानी होतं, ते परराज्य झालं. सावनेर, नरखेड पलीकडे. सौंसर, पांढुर्णा अलीकडे, छिंदवाडा जिल्ह्यात. आजोबा म्हणायचे, आम्ही हललो नाही, सीमा हलली. त्यांनी सौंसरहून छोट्या गाडीने नागपूरला जाणं सोडलं नाही, ती गाडी 2015 मध्ये मोठ्या लाइनसाठी बंद झाली तेव्हा आजोबा नव्हते. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. म्हणजे मध्य प्रदेशातला एक जिल्हा असा तयार झाला, जिथे बाजारात, शेतात, मयतीला आणि बारशाला मराठी बोलतात. आणि कचेरीत हिंदी.

हिंदीशी माझं भांडण नाही. माझी रोजीरोटी तिच्यावर आहे. लोकांना कचेरीची हिंदी लिहिता आली असती तर माझं दुकान बसलं असतं. तरी माझ्याच धंद्याविरुद्ध मी हे लिहिते आहे. भारताच्या राज्यघटनेत 350 वा अनुच्छेद आहे. गाऱ्हाणं मांडणारं निवेदन कोणत्याही अधिकाऱ्याला, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क तो प्रत्येकाला देतो. मराठी आठव्या परिशिष्टात आहे, आणि या राज्यात ती वापरली जाते याचा पुरावा हवा असेल तर कोणीही शुक्रवारी आमच्या बाजारात येऊन वांगी विकत घ्यावीत. त्याच्याच पाठोपाठ 350-अ आहे, अल्पसंख्य भाषेतल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी असं सांगणारा. तो घटनेत आला सातव्या दुरुस्तीने, 1956 मध्ये, त्याच 1 नोव्हेंबरपासून. सीमा हलवणाऱ्यांना त्याच वेळी माहीत होतं की काही लोक चुकीच्या बाजूला राहतील, आणि त्यांनी आमच्यासाठी कागदावर जागा ठेवली होती.

नव्या जिल्ह्याने ती जागा वापरावी. खर्च फारसा नाही. मंगळवारच्या जनसुनवाईच्या दारावर एक पाटी, की मराठीत लिहिलेलं निवेदन घेतलं जाईल, आणि आत मराठी समजणारा एक माणूस. असा माणूस शोधायला जाहिरात द्यायची गरज नाही, कचेरीतले निम्मे लोक घरी मराठीच बोलतात. उत्तर हिंदीत आलं तरी चालेल, ते मी वाचून दाखवीन, तेवढा धंदा राहू द्या.

आजींचं आवेदन मी पहिल्यांदा नेहमीच्या हिंदीत केलं. "महोदय, सविनय निवेदन है कि प्रार्थिया…" वाचून दाखवलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे कोणाचं व्हय?" तेव्हा मी तो कागद बाजूला ठेवला आणि त्या बोलल्या तसंच मराठीत लिहिलं. माहेर नरखेड, लग्न होऊन इकडे आल्याला पन्नास वर्षं झाली, दोन्ही नावांची बाई एकच आहे, कोणालाही विचारा. शेवटचे दोन शब्द त्यांनीच घालायला लावले. खाली अंगठा नाही, सही; सही त्यांना येते, आणि त्यांनी ती सावकाश, जिभेचं टोक दातात धरून केली.

कचेरीच्या एका खिडकीवर तो कागद दिला. आतल्या मुलाने तो उलटसुलट केला, वर बघितलं, "ये मराठी में है," म्हणाला. मी 350 चं झेरॉक्स पुढे केलं. त्याने ते न वाचता परत दिलं, आजींकडे बघितलं, आवाज खाली केला आणि म्हणाला, "आजी, कोन्त्या गावच्या तुमी?" गाव ऐकून तो हसला, त्याच्या मावशीचं गाव होतं ते. शिक्का मारला, पोच दिली.

त्याला आता तीन मंगळवार झाले. आजी दर वेळी दुकानावरून जाताना पायरीवर थांबतात.

"पुसलं काय वं त्यायनं कोणाले?"

"नाही अजून."

"पुसतीन," म्हणतात, आणि पिशवी उचलून बस स्टँडकडे चालू लागतात.